मुरलेलं पेट्रोल

गेली तीन वर्षं मी माझ्या स्कूटरमध्ये शिळं पेट्रोल घालते आणि त्याचा मला अभिमान आहे. पंपावरून आणलेलं ताजं डब्यात जातं आणि डब्यातलं जुनं स्कूटरमध्ये. ऑफिसातल्या मैत्रिणींना एकदा सांगितलं तर त्यांना वाटलं, ही काहीतरी काटकसर असणार. काटकसर कसली डोंबलाची. आमच्या घरात सासूबाईंनी केलेल्या नियमांपैकी हा एकच नियम असा आहे, जो मी न कुरकुरता पाळते. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं.

आम्ही वाकोल्याला राहतो, तळमजल्यावर. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, गल्ली रस्त्यापेक्षा हातभर खाली आणि पाठीमागे नाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे भिंतीने बंद केलेली चिंचोळी मोकळी जागा. तिला आम्ही परसदार म्हणतो, म्हणजे तुळस आणि वॉशिंग मशीन जिथे शेजारी शेजारी उभी असतात तेवढी जागा. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती यांनी एकच वेळ साधली की नाला पाणी घेईनासा होतो आणि घेतलेलंही परत देतो. पुढून गल्ली भरते. तिला दाराच्या खाचेत लाकडी फळी बसवून थोपवता येतं. मागचं पाणी मात्र गटाराच्या चेंबरमधून उलटं वर येतं, आणि त्याला दार नसतं. त्यात मीटर सगळे जिन्याखाली असल्यामुळे पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा इमारतीची वीज बंद करतात. म्हणजे विजेवरचा पंप असून नसून सारखाच.

आता सासूबाईंविषयी. त्या मालवणकडच्या, लग्न होऊन या खोलीत आल्या तेव्हा सासरे गिरणीत होते. सासरे गेले, गिरणी गेली, सासूबाई आणि खोली तेवढ्या राहिल्या. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी या घरात आले तेव्हापासून आमचं दोघींचं कधी मोठं भांडण झालं नाही, कारण लहान भांडणांतूनच आम्हांला सवड मिळाली नाही. मी नवऱ्याला अरे-तुरे करते, कारण आमची ओळख लग्नाच्या आधीची. हे त्यांना आजही खटकतं. मी पोळ्या जाड करते. मी डब्यात ओला चमचा घालते. हा शेवटचा आरोप लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात तथ्य होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी येऊन सहाच आठवडे झाले होते आणि जुलैत एका दुपारी घरात पाणी शिरलं. पलंगाच्या पायापर्यंत चढलं तेव्हा वरच्या मजल्यावरची चार माणसं आली. चांगली माणसं, मदतीलाच आली होती. त्यांनी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि जिना चढायला सुरुवात केली. जिना अरुंद. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागत होती, लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं होतं, आणि सासूबाईंचे दोन्ही हात चादरीत अडकलेले. मी मागून चढत होते आणि लुगडं खाली ओढायचा प्रयत्न करत होते. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. जिच्यासमोर इमारतीतले पुरुष आवाज खाली करून बोलायचे ती बाई सामानासारखी वर गेली.

दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला जवळ बोलावून म्हणाल्या, "माका परत असा न्हेव नको."

माझे मोठे दीर ठाण्याला एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. ते त्याच आठवड्यात आले, ओल्या भिंतींना हात लावून बघितला आणि म्हणाले की पुन्हा एकदा जरी पाणी घरात आलं तरी आई माझ्याकडे येणार, आणि येणार म्हणजे कायमची. बोलणं कडक होतं पण चुकीचं नव्हतं. त्यांच्या घरी लिफ्ट आहे, वीज गेली तर जनरेटर आहे, खिडकीतून खाडी दिसते. सासूबाईंनी मान हलवली, पण त्या रात्री जेवल्या नाहीत. पन्नासहून जास्त वर्षं ज्या खोलीत काढली तिथून उठून जायचं, ते सुद्धा अशा उंचीवर जिथे दार वाजवून कोणी वाटीभर साखर मागायला येत नाही, याची त्यांना धडकी भरली होती. आणि खरं सांगायचं तर मलाही. ज्या बाईशी मी रोज उठून भांडते ती घरात नसेल तर मी करायचं काय, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला.

नवऱ्याने मनावर घेतलं. दसऱ्याच्या आधी तो पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप घेऊन आला. दोरी खेचून सुरू करायचा, लाल रंगाचा, दोन माणसांनी उचलावा इतका. परसदारात फरशी फोडून खड्डा केला, म्हणजे मागून येणारं पाणी आधी त्यात जमेल आणि पंप ते भिंतीपलीकडे फेकेल. पंपासाठी उंच ओटा बांधला, वर पत्रा टाकला. पेट्रोलसाठी परसदाराच्या टोकाच्या भिंतीवर, स्वयंपाकघरातल्या गॅसपासून लांब, जाळीचं लोखंडी कपाट बसवून त्याला कुलूप लावलं. पेट्रोलपंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून घट्ट झाकणाचे पाच-पाच लिटरचे दोन पत्र्याचे डबे आणले आणि तिथल्या मॅनेजरला सगळी कर्मकथा सांगून ते भरून घेतले. दसऱ्याला पंपाची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं, आणि पेट्रोलच्या डब्यापासून दीड हातावर उदबत्ती. ही उदबत्ती आठवली की आजही मी उठून गॅस बंद आहे ना ते बघून येते.

दोरी खेचली, पंप धडधडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने पंप बंद केला, टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि म्हणाला, आता वेळेला आहे.

मे महिन्यात मीच मागे लागले की एकदा चालू करून बघू या. दोरी खेचली. पंपाने हूं की चूं केलं नाही. आळीपाळीने खेचून आमचे खांदे भरून आले. शेवटी नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस माझी स्कूटर बघतो, मितभाषी आहे, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं वाचता येतं. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि चेहरा लांब केला. पेट्रोल कधीचं आहे, असं त्याने विचारलं.

नवरा म्हणाला, "आठ महिने झाले. चांगलं मुरलंय."

तो हे चेष्टेने म्हणाला नव्हता. तो हे अभिमानाने म्हणाला होता, आणि ते ऐकून मला त्याच्या डोक्यातलं सगळं गणित एका क्षणात दिसलं. या घरात जुनं म्हणजे चांगलं. जुना तांदूळ सणाला, कारण त्याचा भात मोकळा होतो. चिंच जुनी हवी, गूळ औषधाला जुना हवा, लोणचं मुरल्याशिवाय पानात वाढायचं नाही. त्याच्या लहानपणापासून महत्त्वाच्या दिवसासाठी राखून ठेवलेली प्रत्येक वस्तू जुनी होती. मग पेट्रोलही त्याने तसंच राखलं. मला कळलं ते असं, की जानेवारीत त्याने तिसरा लहान डबा आणून ठेवला होता आणि मधे कधी माझ्या स्कूटरला लागलं तर त्यातलं ताजं वापरलं होतं. का, तर जुन्याला हात लागू नये. हा माणूस तीस वर्षं एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. गोळ्यांच्या पाकिटांवर मुदतीची तारीख छापणं, हेच त्याचं काम. आणि त्याच्या मनात एकदाही आलं नाही की पेट्रोललाही मुदत असते.

मेकॅनिकने डब्यातलं पेट्रोल एका काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी उन्हात धरली. वर पिवळट पेट्रोल आणि खाली, बोटभर, वेगळा थर. त्याने सांगितलं की हल्लीच्या पेट्रोलमध्ये स्पिरिट असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतं. वरच्या पेट्रोलचाही आता चीक झालाय, तो आत जाऊन चिकटलाय. नवरा बरणीकडे बघत राहिला.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीची खिडकी परसदारात उघडते. तिथून सासूबाईंचा आवाज आला.

"पेट्रोल नाय मुरलां. पाणी मुरलां त्यात."

मेकॅनिकला मालवणी कळत नाही, पण तोही हसला. मी तर इतकी हसले की मला ओट्यावर बसावं लागलं. नवरा चिडला, मग त्यालाही हसू आलं, आणि मग एकदम तिघांचंही हसू विरलं, कारण पावसाळा महिन्यावर आला होता आणि आमच्याकडे लाल रंगाचं एक शोभेचं यंत्र होतं.

सासूबाईंनी मेकॅनिकला खिडकीशी बोलावून घेतलं. अर्धा तास त्याची उलटतपासणी चालली होती, आणि मी दुभाषी म्हणून मधे उभी होते. किती दिवस टिकतं? दोन-तीन महिने, पावसाळी हवेत त्याहून कमी. हवा लागली तर बिघडतं का? हो. मग डबा गळ्यापर्यंत भरला तर आत हवाच राहणार नाही, लोणच्याच्या बरणीसारखी? तो म्हणाला की तसं नको, उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं, चार बोटं जागा ठेवा. हे त्यांना पटलं नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं. सासूबाईंनी एखाद्याचं ऐकून घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांनी शेवटचं विचारलं की पंप बंद करताना आत राहिलेल्या पेट्रोलचं काय करायचं. त्याने सांगितलं की पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची चावी, बंद करा आणि पंप चालू ठेवा, आतलं सगळं जळून संपलं की तो आपोआप बंद पडेल, मग आत चिकटायला काही राहणार नाही. सासूबाई म्हणाल्या की म्हणजे भांडं रिकामं करून पुसून ठेवायचं. बरोबर, तो म्हणाला, भांडं पुसून ठेवायचं.

त्या दिवसापासून पेट्रोलचं खातं सासूबाईंकडे गेलं. ज्या बाईने आयुष्यभर दर उन्हाळ्यात वर्षाचे तांदूळ, डाळी, मसाले भरले, तिच्या दृष्टीने हे आणखी एक धान्य होतं, फक्त उलट्या स्वभावाचं. याचं जुनं आधी संपवायचं. डबा भरण्याआधी पूर्ण रिकामा करायचा, जुन्यावर नवं ओतायचं नाही. डबा उन्हात वाळवायचा. नरसाळं वेगळं, ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. हात कोरडे, फडकं कोरडं, हवा कोंदट असेल तर झाकण उघडायचंच नाही. परसदारात काडी पेटवायची नाही, दिवा नाही, उदबत्ती तर नाहीच. तुळशीला संध्याकाळी नुसता नमस्कार. तुळशीचा दिवा त्यांनी स्वतः बंद केला म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं हे लक्षात येईल.

आणि वेळापत्रक? नवऱ्याने फोनमध्ये आठवण लावायची तयारी दाखवली. सासूबाईंनी फोनकडे बघितलंही नाही. संकष्टीला, एवढंच म्हणाल्या. त्या दर महिन्याची संकष्टी धरतात, एकही चुकलेली मला आठवत नाही. एका संकष्टीला एक डबा बदलायचा, पुढच्या संकष्टीला दुसरा. म्हणजे कुठलाच डबा दोन महिन्यांपेक्षा जुना होणार नाही. त्याच दिवशी पंप पाच मिनिटं चालवायचा आणि कॉक बंद करून संपू द्यायचा. जुनं पेट्रोल जाणार कुठे, तर माझ्या स्कूटरमध्ये, कारण मी रोज अंधेरीला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात जाते आणि पाच लिटर मी आठवड्यात जाळते. मला कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

त्या वर्षी पाणी आलं नाही. गल्लीत घोटाभर साचलं आणि ओसरलं. पावसाळा संपला तरी संकष्टीचं पेट्रोल चालूच राहिलं, आणि आता मला त्याचा कंटाळा यायला लागला. सकाळी आठला स्कूटर गल्लीत उभी करायची, इंजिन गार असलं पाहिजे, डबा ओतायचा, उन्हात वाळवायचा, मग पेट्रोलपंपावर जाऊन तोच डबा भरून आणायचा, मग घरी, मग दोरी, मग पाच मिनिटांची धडधड, मग ऑफिस. ओढणीला वास. पंपावरचा भरणारा मला बघितला की साथीदाराला सांगायचा, आज चतुर्थी आहे. माझ्यामुळे त्यांना पंचांगाची गरज उरली नव्हती.

फेब्रुवारीत मी एकदा दांडी मारली. ऑफिसात तपासणी होती, उशीर होत होता, नवरा आधीच निघून गेला होता. दारातून ओरडून सांगितलं की झालं सगळं, आणि निघाले. संध्याकाळी घरी आले. सासूबाई पलंगावर बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी काहीच विचारलं नाही. मी चहा ठेवला, दिला, त्यांनी घेतला. मग शांतपणे म्हणाल्या की आज पंपाचा आवाज ऐकू आला नाही, मला वाटलं माझे कान गेले, म्हणून दिवसभर रेडिओ लावून बघितला.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडले असते. आमचं तेच नेहमीचं आहे. पण त्या ओरडल्या नाहीत, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की महिन्यातली ती पाच मिनिटं त्या वाट बघत असतात. तो आवाज आला की त्यांना कळतं, आपल्याला इथून कोणी नेणार नाही. दुसऱ्या दिवशी मी सकाळी सहाला उठून डबा बदलला, पंप चालवला, पाचऐवजी दहा मिनिटं. त्यानंतर मी एकही संकष्टी चुकवली नाही.

मग आला पुढचा जुलै.

त्या दिवशी मी घरी होते ते केवळ सासूबाईंचे व्यायाम घ्यायला येणारी मुलगी येणार होती म्हणून. ती आलीच नाही. अकरापर्यंत रस्ता बंद झाला. नवरा कारखान्यात अडकला. साडेअकराला गल्लीत पोटरीभर पाणी, बाराला वीज बंद. मी पुढच्या दाराची फळी बसवली, फटींत जुनी चादर कोंबली. मागे गेले तर चेंबरचं झाकण थरथरत होतं आणि त्याच्या कडेने काळं पाणी परसदारात पसरत होतं. खड्डा भरत आला होता.

तेवढ्यात दिरांचा फोन. टीव्हीवर बघत होते. ते म्हणाले, वेळ घालवू नका, आईला आत्ताच्या आत्ता वर हलवा, पाणी उतरलं की मी गाडी घेऊन येतो. मी फोन कानाला लावलेला असतानाच फळीपलीकडून हाक आली. वरच्या मजल्यावरचे दोघे पाण्यातून आले होते आणि त्यांच्या हातात खुर्ची होती.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खुर्चीकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी बघितला नव्हता. मी त्या दोघांना सांगितलं की दहा मिनिटं थांबा. ते म्हणाले, ताई, दहा मिनिटांत पाणी आत येईल. मी म्हटलं, मग दहा मिनिटांनी न्या.

परसदारात घोट्याच्या वर पाणी होतं. ओट्यावर चढले, टाकीत एक डबा पेट्रोल ओतलं, पंपात आधी भरावं लागतं ते पाणी भरलं, पाइप खड्ड्यात सोडला, दोरी धरली आणि खेचली. काही नाही. पुन्हा खेचली. काही नाही. हात ओले, दोरी निसटत होती, पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. तिसऱ्यांदा खेचली. काही नाही. मला रडू यायला लागलं. तेरा संकष्ट्या, आणि आज.

खिडकी धाडकन उघडली. सासूबाई वॉकर धरून खिडकीशी उभ्या होत्या.

"कॉक उघडलंस?"

नव्हता उघडला. दर महिन्याला आपणच बंद करतो आणि त्यातलं संपू देतो, तो कॉक. मी तो फिरवला, मनात पाच आकडे मोजले, खेचली, आणि पंप लागला. पहिल्या झटक्यात, एकदम, न खोकता. पाइप ताठ झाला, भिंतीपलीकडे पाण्याचा जाड लोट पडायला लागला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या आणि फळीपलीकडचे दोघे खुर्ची भिंतीला टेकवून बघत उभे राहिले.

खड्ड्यातलं पाणी खाली गेलं नाही, पण वरही येईना. पंप ओतत होता, नाला भरत होता, आणि पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या चार बोटं खाली थांबलं होतं. मी उंबऱ्यावर खडूने रेघ ओढली आणि तिच्याकडे डोळे लावून बसले. पावणेतीनला टाकी संपत आली. दुसरा डबा कपाटातून काढला, झाकण फिरवलं, आणि चालू पंपातच ओतावं असा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोलू, आला. बंद केला आणि परत लागला नाही तर?

खिडकीतून त्यांनी माझ्या हातातला डबा बघितला.

"पेटत्या स्टोव्हात कोण रॉकेल ओतता?" त्या म्हणाल्या. "बंद कर. गार होव दे."

मी बंद केला. ती दहा मिनिटं आयुष्यात विसरणार नाही. पंप थांबल्यावर पाण्याचा आवाज मोठा झाला. रेघेपर्यंत आलं. रेघ बुडाली. तीन बोटं राहिली, मग दोन. मी इंजिनाजवळ हात नेऊन बघत होते, अजून गरम, अजून गरम. सासूबाई खिडकीत उभ्याच होत्या. ऑपरेशननंतर इतका वेळ त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. शेवटी त्यांनीच मान हलवली. मी कोरड्या फडक्याने हात पुसले, नरसाळं लावलं, डबा ओतला, एक थेंब सांडला नाही. झाकण लावलं. कॉक बघितला. खेचली.

लागला.

साडेपाचला भरती उतरली. सहाला खड्ड्याचा तळ दिसला. डब्यात लिटरभर पेट्रोल शिल्लक होतं. मी कॉक बंद केला, पंप आतलं संपवून आपोआप थांबला, आणि मी चिखलाने माखलेल्या पायांनी उंबऱ्याबाहेर उभी राहून स्वयंपाकघराची फरशी बघितली. कोरडी. अगदी सकाळी पुसलेली तशी कोरडी. वरची माणसं खुर्ची घेऊन परत गेली, जाताना त्यांच्यातला एक म्हणाला, ताई, झकास. मला तेवढा पुरस्कार बास होता.

नवरा रात्री उशिरा कमरेपर्यंत भिजून आला. आधी फरशी बघितली, मग मला, मग पंपावरून हात फिरवला.  त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी त्याला चिडवलंही नाही, यावरून समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर गाडी घेऊन आले. मोठी बॅग आणली होती, रिकामी. गल्लीतल्या सगळ्या तळमजल्यांवर गाद्या बाहेर वाळत होत्या, त्यामुळे ते तयारीनेच आत शिरले. आणि थांबले. खाली वाकून त्यांनी फरशीला हात लावला, पलंगाखाली हात घातला, भिंतीला लावला. मग उंबऱ्यावरची रेघ बघितली. सासूबाई पलंगावर बसून चहा पीत होत्या आणि मुलाचा सगळा तपास होऊ देत होत्या.

त्यांनी विचारलं, धाकटा तर घरी नव्हता, मग पंप चालवला कोणी?

"आमी दोघींनी," सासूबाई म्हणाल्या.

मी ओट्याशी तोंड करून कांदा चिरायला घेतला. सव्वीस वर्षांत या बाईने मला आणि स्वतःला एका शब्दात कधी बसवलं नव्हतं.

दिरांनी पुन्हा एकदा त्या रेघेकडे बघितलं. मग हळूच म्हणाले की या वर्षी निभावलं, पण पुढच्या वर्षी?

"पुढच्या वर्षाचा बघूक मी आसंय मा," त्या म्हणाल्या, आणि मला सांगितलं की हा जेवून जाणार आहे, त्याच्यासाठी सोलकढी कर, आणि पातळ करू नको.

जेवण झालं. दीर निघाले. सासूबाई वॉकर टेकत पुढच्या दारापर्यंत आल्या, फळीच्या खाचेला एक हात धरून उभ्या राहिल्या, आणि आपल्या घरातून पाहुण्याला निरोप द्यावा तसं मुलाला म्हणाल्या, "सावकाश जा. पोचलंस काय फोन कर."

दीर रिकामी बॅग घेऊन गल्लीतून गेले.